गरोदरपणातील मधुमेह : वारसा किती, परिस्थिती किती?

सहावा महिना संपून सातवा लागतो. घरात डोहाळजेवणाची यादी होऊ लागते, हिरवी साडी येते, वाडी भरण्यासाठी फुलांची चौकशी सुरू होते. नेमक्या त्याच आठवड्यात दवाखान्यातून तपासणीचा अहवाल हाती येतो आणि त्यावर डॉक्टरांनी लाल शाईने खूण केलेली असते. रक्तातील साखर वाढली आहे.

मग घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, हे आले कोठून? सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात कोणालाही साखर नाही. माहेरची मंडळी म्हणतात, लग्नापर्यंत आमच्या मुलीने कधी औषधाची गोळी घेतली नव्हती. आणि जिच्याविषयी ही चर्चा चाललेली असते ती मात्र गेल्या महिनाभरात खाल्लेले आंबे आणि पेढे मनातल्या मनात मोजत बसते.

'खाण तशी माती' ही म्हण आपल्याकडे सर्रास वापरली जाते. गरोदरपणातील मधुमेहाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. या आजाराला आनुवंशिक बाजू आहे, हे गेल्या वीस वर्षांतील संशोधनाने निःसंशय दाखवून दिले आहे. मात्र त्याच संशोधनाने आणखी तीन गोष्टी दाखवल्या आहेत. हा वारसा एका जनुकाचा नसतो, तो एकाच घराण्याचा नसतो आणि तो अटळही नसतो. या तीन गोष्टी नीट समजल्या, तर घरातील दोषारोप तर थांबतीलच. पण आई आणि बाळ या दोघांच्याही पुढील आयुष्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या असलेल्या तपासण्या वेळेवर होतील.

निसर्गाने घेतलेली परीक्षा

आधी गरोदरपणात साखर वाढते कशी, हे पाहायला हवे. गर्भाच्या वाढीसाठी ग्लुकोजचा अखंड पुरवठा लागतो. हा पुरवठा कमी पडू नये, अशी व्यवस्था निसर्गानेच केलेली असते. गर्भाचे पोषण करणारी वार आपली संप्रेरके आईच्या रक्तात सोडू लागते. वारेचे लॅक्टोजेन, वाढीचे संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन आणि त्यांच्या जोडीला कॉर्टिसॉल यांच्या प्रभावामुळे आईच्या शरीरात इन्शुलिनचा परिणाम कमी होऊ लागतो. आईच्या स्नायूंनी ग्लुकोज कमी वापरावे आणि ते बाळासाठी उरावे, हा त्यामागचा हेतू.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात हा प्रतिरोध इतका वाढतो की, साखर काबूत ठेवण्यासाठी स्वादुपिंडातील बीटा पेशींना एरवीपेक्षा दुपटी-तिपटीने इन्शुलिन तयार करावे लागते. बहुतेक स्त्रियांच्या बीटा पेशी हे वाढीव काम निमूटपणे पार पाडतात. काहींच्या पेशी मात्र कमी पडतात. मागणी आणि पुरवठा यांतील ही तूट म्हणजेच गरोदरपणातील मधुमेह. ती साधारणपणे २४ व्या आठवड्यानंतर ठळक होते. म्हणूनच अहवालातील ही बातमी बहुधा सातव्या महिन्याच्या सुमारास येते.

बाळंतपणात वार पडून गेली की संप्रेरकांचा हा दाब संपतो आणि बहुतेकींची साखर पूर्ववत होते. घरचे निश्चिंत होतात. परंतु परीक्षेत जी उणीव उघड झाली, ती परीक्षा संपल्याने नाहीशी होत नाही. अमेरिकेतील बोस्टन येथे जॉन ओ'सलिव्हन आणि क्लेअर महान यांनी १९६४ मध्ये या आजाराच्या निदानाचे पहिले सर्वमान्य निकष मांडले. ते निकषही, पुढील आयुष्यात मधुमेह कोणाला होईल, हे ओळखता यावे याच दृष्टीने तपासून पाहिले गेले होते. गरोदरपणातील साखर ही त्या काळापासूनच भविष्याची पूर्वसूचना मानली गेली आहे.

कानामात्रेचा फरक

बीटा पेशी काहींच्याच का कमी पडतात, या प्रश्नाशी जनुके येतात. मानवी पेशीत सुमारे २० हजार जनुके असतात आणि जवळपास प्रत्येकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या प्रतींचा मजकूर सर्व माणसांत बहुतांशी सारखाच असतो. कोठे कोठे मात्र एखाद्या अक्षराचा, जणू कानामात्रेचा फरक आढळतो. बऱ्याचदा अशा फरकाने काहीच बिघडत नाही. काही ठिकाणी मात्र तो जनुकाच्या कामाचा वेग किंचित बदलतो.

मधुमेहाच्या संदर्भात असा सर्वांत ठळक फरक २००६ मध्ये आइसलँडमधील डीकोड या संस्थेच्या संशोधकांनी शोधून काढला. दहाव्या गुणसूत्रावरील या जनुकाचे नाव टीसीएफ७एल२. त्याच्या एका विशिष्ट रूपाची एक प्रत असेल, तर प्रौढपणी होणाऱ्या टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. हेच रूप गरोदरपणातील मधुमेह झालेल्या स्त्रियांमध्येही अधिक प्रमाणात आढळते.

दुसरे महत्त्वाचे जनुक अकराव्या गुणसूत्रावरील एमटीएनआर१बी. रात्रीच्या अंधारात शरीरात मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि झोपेचे घड्याळ लावते. या संप्रेरकाचा संदेश ग्रहण करणारे रेणू बीटा पेशींवरही असतात. एमटीएनआर१बी या जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे अशा ग्राहक रेणूंची संख्या वाढते आणि इन्शुलिन स्रवण्यास अडथळा होतो. तिसरे जनुक सहाव्या गुणसूत्रावरील सीडीकेएएल१. इन्शुलिनचे रेणू अचूक घडवले जाण्यात त्याचा वाटा असतो.

या तिन्ही जनुकांत एक समान धागा आहे. ती मुख्यतः इन्शुलिनच्या निर्मितीशी आणि स्रवण्याशी, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूशी निगडित आहेत. एरवी ही उणीव जाणवत नाही, कारण मागणी बेताची असते. गरोदरपणात मागणी दुप्पट-तिप्पट झाली की ती उघडी पडते.

येथे आकड्यांचा अर्थ नीट लावणे आवश्यक आहे. समजा, एखाद्या लोकसमूहातील १०० पैकी १० गर्भवतींना हा आजार होतो. धोका ३० टक्क्यांनी वाढवणारे एखादे जनुकरूप असलेल्या १०० स्त्रिया घेतल्या, तर त्यांपैकी १३ जणींना तो होईल. उरलेल्या ८७ जणींना ते रूप असूनही होणार नाही. याउलट, हे रूप नसलेल्या स्त्रियांनाही तो होतोच. म्हणजे एकटे जनुक कोणाचाही निकाल लावत नाही. अशी अनेक लहान लहान वजने पारड्यात पडतात आणि पारडे थोडे झुकते, इतकेच.

कोरियापासून फिनलंडपर्यंत

गरोदरपणातील मधुमेहासाठी संपूर्ण जनुकसंच चाळून पाहण्याचे पहिले मोठे काम दक्षिण कोरियात झाले आणि २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात सीडीकेएएल१ आणि एमटीएनआर१बी ही दोन जनुके पुढे आली. युरोपीय लोकांत सर्वांत प्रबळ ठरलेले टीसीएफ७एल२ मात्र तेथे पुढे आले नाही. पूर्व आशियाई लोकांत त्या जनुकाचे धोका वाढवणारे रूप मुळातच विरळ आहे, हे लक्षात घेतले की यात नवल वाटत नाही. एका देशातील जनुकांची यादी दुसऱ्या देशाला जशीच्या तशी लावता येत नाही, हा त्यातील धडा.

सर्वांत लक्षणीय अभ्यास फिनलंडमधील. 'फिनजेन' या राष्ट्रीय प्रकल्पातील १२ हजार ३३२ बाधित स्त्रिया आणि गरोदरपणात हा आजार न झालेल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक माता यांच्या जनुकसंचांची तुलना २०२४ मध्ये 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जनुकसंचातील १३ ठिकाणे या आजाराशी निगडित असल्याचे त्यात आढळले. त्यांपैकी ९ ठिकाणे या आजाराच्या संदर्भात प्रथमच नोंदली गेली.

त्याहून महत्त्वाचा होता त्या अभ्यासाचा निष्कर्ष. गरोदरपणातील मधुमेहाचा आनुवंशिक धोका दोन भागांत विभागलेला आहे. एक भाग टाइप २ मधुमेहाशी सामाईक आहे. दुसरा भाग प्रामुख्याने गरोदरपणातच परिणाम दाखवतो. त्याचा संबंध बीटा पेशींखेरीज मेंदूतील साखर-नियंत्रण, स्टेरॉइड संप्रेरकांची निर्मिती आणि वारेतील घडामोडी यांच्याशी आहे. त्यामुळे 'घरात कोणाला साखर नाही, मग हिलाच कशी झाली?' या प्रश्नाचे एक उत्तर मिळते. टाइप २ मधुमेह घरात कोणालाच नसला, तरी केवळ गरोदरपणातच जाणवणारी जनुकरूपे एखादीच्या वाट्याला आलेली असू शकतात. ती आजोबांकडून किंवा वडिलांकडूनही आलेली असू शकतात. पुरुष गरोदर राहत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात ती कधी दिसूनच येत नाहीत.

पुण्यातील धागा

भारतीयांच्या बाबतीत काय? येथे पुण्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. आइसलँडच्या शोधानंतर वर्षभरातच, २००७ मध्ये, हैदराबादची सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्र ही संस्था आणि पुण्याचे केईएम रुग्णालय यांच्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ या जनुकाची तीच रूपे भारतीयांमध्येही टाइप २ मधुमेहाशी ठळकपणे निगडित असल्याचे दाखवले. डॉ. गिरिराज चांडक आणि डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा या कामात प्रमुख सहभाग होता. पुढे २०१५ मध्ये चेन्नईच्या संशोधकांनी दक्षिण भारतीय स्त्रियांमध्ये सीडीकेएएल१ या जनुकाचा गरोदरपणातील मधुमेहाशी संबंध असल्याचे प्रसिद्ध केले.

म्हणजे जनुके बव्हंशी तीच आहेत, जी इतर देशांतही आढळतात. तरीही केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात या आजाराचे प्रमाण १० ते १४.३ टक्के, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच अधिक असल्याचा अंदाज आहे. हे अधिकचे प्रमाण केवळ जनुकांच्या माथी मारता येत नाही. भारतात मधुमेह गेल्या एक-दोन पिढ्यांत वेगाने वाढला. एवढ्या अल्प काळात एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलते ती राहणी.

याचे उत्तर शोधण्यासाठी डॉ. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तेथील बाळांचे जन्माच्या वेळचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याकडची बाळे हाडापेराने आणि स्नायूंनी लहान होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वजनाने रोड, पण चरबीने भरलेले असे हे भारतीय बाळ पुढे जगभरच्या वैद्यकीय लिखाणात चर्चेचा विषय झाले.

हीच गोष्ट २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एका छायाचित्राच्या साहाय्याने मांडली गेली. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तराचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. 'सून इतकी सडपातळ, तिला साखर कशी होईल?' असे म्हणणाऱ्या घरांनी हे छायाचित्र एकदा पाहावे. काट्यावर वजन कमी दिसले म्हणून इन्शुलिनचा प्रतिरोध कमीच असेल, असे भारतीय शरीराविषयी खात्रीने म्हणता येत नाही.

बाळाचे जनुकही बोलते

गरोदरपणातील मधुमेह झालेल्या स्त्रियांपैकी साधारण शंभरात एखादीची गोष्ट मात्र वेगळी असते. तिच्या बाबतीत अनेक जनुकांची लहान वजने नव्हे, तर एकाच जनुकातील मोठा बदल कारणीभूत असतो. या जनुकाचे नाव ग्लुकोकायनेज. ते सातव्या गुणसूत्रावर असते. रक्तातील साखर मोजून 'आता इन्शुलिन सोडा' असा इशारा बीटा पेशीला देणे, हे त्याचे काम. त्यात बदल झाला की हा इशारा थोडा उशिरा मिळतो आणि माणसाची उपाशीपोटीची साखर जन्मापासूनच किंचित वरच्या पातळीवर स्थिरावते. एरवी त्यापासून विशेष अपाय होत नाही आणि औषधाचीही गरज पडत नाही. अनेकींना ते प्रथम कळते, तेच गरोदरपणातील तपासणीत.

इंग्लंडमधील एक्सेटर येथील अँड्र्यू हॅटर्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा कुटुंबांतील बाळांची जन्मवजने तपासली, तेव्हा एक विलक्षण चित्र समोर आले. ते समजण्यासाठी एवढेच ध्यानात घ्यावे की, आईचे ग्लुकोज वार ओलांडून बाळाकडे जाते, इन्शुलिन जात नाही. बाळ स्वतःचे इन्शुलिन स्वतः तयार करते आणि गर्भात ते इन्शुलिनच वाढीचे प्रमुख साधन असते.

आईच्या जनुकात बदल आहे आणि बाळाला तो मिळालेला नाही, अशा वेळी आईची वाढलेली साखर पाहून बाळ भरपूर इन्शुलिन तयार करते आणि त्याचे वजन सुमारे अर्ध्या किलोहून अधिक वाढते. याउलट, बदल वडिलांकडून बाळाला मिळालेला आहे आणि आई निरोगी आहे, अशा वेळी बाळ इन्शुलिन कमी तयार करते आणि सुमारे अर्ध्या किलोने हलके जन्मते. आई आणि बाळ दोघांतही बदल असेल, तर दोन्ही परिणाम एकमेकांना छेद देतात आणि वजन सर्वसाधारण भरते.

या निष्कर्षाला व्यावहारिक महत्त्व आहे. आई आणि बाळ दोघांतही तोच बदल असेल, तर आईची साखर इन्शुलिन देऊन फार खाली आणल्यास बाळाची वाढ उलट खुंटण्याचा संभव असतो. म्हणून अशा स्त्रियांमध्ये बाळाची वाढ सोनोग्राफीवर पाहून उपचार ठरवले जातात. उपाशीपोटीची साखर गरोदरपणापूर्वी आणि नंतरही सतत किंचित वाढलेली, अंगकाठी बारीक आणि आई किंवा वडिलांपैकी एकाचीही साखर तशीच, असे चित्र असेल तर जनुकचाचणीचा विचार डॉक्टर करू शकतात. अशा मोजक्या प्रसंगी ही चाचणी उपचाराची दिशाच बदलते.

आणखी एक गोष्ट यातून स्पष्ट होते. गर्भातील बाळ हे केवळ आईच्या साखरेचे फळ नसते. वडिलांकडून आलेला वारसाही तेथे तितकाच काम करत असतो. दोष माहेरच्या झोळीत टाकून मोकळे होणाऱ्यांना विज्ञानाने दिलेले हे उत्तर आहे.

एकच आई, दोन भावंडे

वारसा आणि परिस्थिती वेगळी कशी काढायची, हा संशोधकांपुढचा जुना पेच. अमेरिकेतील ॲरिझोना येथील पिमा या आदिवासी समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच आईच्या मुलांची तुलना करण्यात आली. काही मुले आईला मधुमेह होण्यापूर्वी जन्मली होती, तर त्यांचीच भावंडे आईला मधुमेह झाल्यानंतर. आईवडील तेच, म्हणून जनुकांचा वारसा सरासरीने सारखाच. फरक एवढाच की, धाकटी मुले वाढलेल्या साखरेच्या वातावरणात गर्भात वाढली. या धाकट्या भावंडांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता थोरल्यांच्या साडेतीन पटींहून अधिक आढळली.

याचा अर्थ असा की, आईकडून बाळाला दोन वारसे मिळतात. एक जनुकांचा; तो बदलता येत नाही. दुसरा गर्भातील वातावरणाचा. त्यावर उपाय करता येतो. गरोदरपणात साखर काबूत ठेवणे म्हणजे केवळ एका बाळंतपणाची काळजी नव्हे. पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या वारशातील जो भाग आपल्या हाती आहे, तो सुधारण्याची ती संधी आहे.

जनुक म्हणजे ललाटरेषा नव्हे

जनुकरूप वाईट निघाले, तर प्रयत्नांचा काय उपयोग, अशी शंका अनेकांच्या मनात येते. तिचे उत्तर अमेरिकेतील 'डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम' या मोठ्या चाचणीने दिले. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांचे त्यात गट करण्यात आले. एका गटाने आहार सांभाळून वजन ७ टक्क्यांनी घटवण्याचे आणि आठवड्यातून १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट ठेवले. सुमारे तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी भरले.

याच चाचणीतील लोकांची टीसीएफ७एल२ या जनुकासाठी तपासणी झाली आणि २००६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धोका वाढवणाऱ्या रूपाच्या दोन प्रती असलेल्यांना, कोणताही उपाय न केलेल्या गटात मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी अधिक होती. राहणी बदललेल्या गटात मात्र हा फरक जवळजवळ पुसला गेला. ज्यांचा वारसा अधिक जड, त्यांनाही चालण्याचा आणि मिताहाराचा लाभ मिळालाच.

याच चाचणीत पूर्वी गरोदरपणातील मधुमेह झालेल्या स्त्रियाही होत्या. त्यांच्यावर दहा वर्षे लक्ष ठेवल्यानंतर राहणीतील बदलाने मधुमेहाचे प्रमाण ३५ टक्क्यांनी, तर मेटफॉर्मिन या औषधाने ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

चाचणी कोणती करावी?

लाळेचा नमुना पाठवून घरबसल्या जनुकांचा अहवाल देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती अलीकडे दिसतात. गरोदरपणातील मधुमेहासाठी अशा सर्वसाधारण जनुकचाचणीचा आज उपयोग नाही. एक तर आजवरचे बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले आहे आणि त्यावर बेतलेले गुणांक भारतीयांना तितकेसे लागू पडत नाहीत. दुसरे म्हणजे, अहवाल चांगला आला तरी साखर तपासणे टळत नाही, आणि वाईट आला तरी करायचे तेच असते.

करायची चाचणी साधी आणि स्वस्त आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी आग्रह धरलेली ही पद्धत २०१४ मध्ये राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्वीकारली गेली. ७५ ग्रॅम ग्लुकोज सुमारे ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त तपासायचे. उपाशी राहण्याची अट नाही. १०० मिलिलिटरमध्ये १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक साखर आढळली, तर निदान निश्चित समजले जाते. ही तपासणी दोनदा करायची. पहिली गरोदरपणातील पहिल्याच भेटीत आणि दुसरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. घरात मधुमेह असो वा नसो, अंगकाठी कशीही असो, ती प्रत्येक गर्भवतीची व्हावी, असे या सूचना सांगतात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तेथेही ही चाचणी करून घेता येते.

निदान झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. प्रथम दोन आठवडे आहार आणि चालणे यांवर भर दिला जातो आणि बऱ्याच जणींना तेवढे पुरते. जेवणानंतर दोन तासांनी साखर १२० च्या खाली राहावी, हे उद्दिष्ट असते. तेवढ्याने भागले नाही, तर मेटफॉर्मिन किंवा इन्शुलिन दिले जाते. 'दोन जिवांचे खाणे' म्हणून ताट दुप्पट वाढणे जसे चुकीचे, तसेच साखरेच्या धास्तीने उपाशी राहणेही चुकीचे. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, ताक असा आहार दिवसभरात थोडा थोडा विभागून घेणे हितकर. दुर्लक्ष झाल्यास मात्र बाळ फार मोठे होणे, बाळंतपण अवघड होणे, आईचा रक्तदाब वाढणे आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकाएकी उतरणे, असे धोके संभवतात.

सव्वा महिन्यानंतरचा विसर

सर्वांत मोठी चूक होते ती त्यानंतर. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची साखर पुन्हा तपासावी, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सव्वा महिना उलटतो, बारसे झालेले असते, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू सुरू असतात आणि आई बाळाला घेऊन सासरी निघते. तपासणीची फाईल माहेरच्या कपाटात राहते. नव्या गावातील डॉक्टरांना त्या अहवालाची गंधवार्ताही नसते. बाळाच्या लसींच्या तारखा सर्वांच्या तोंडपाठ असतात. आईच्या रक्ततपासणीची तारीख कोणाच्याही ध्यानात नसते.

हा विसर महागात पडतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रियांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका इतर मातांच्या जवळपास दहापट असल्याचे २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात आढळले. पुढच्या गरोदरपणातही सुमारे निम्म्या जणींना हा त्रास पुन्हा होतो. यावरचा उपाय मात्र आवाक्यातला आहे. लसीकरणाच्या सहाव्या आठवड्याच्या फेरीलाच बाळाबरोबर आईचेही रक्त तपासावे. त्यानंतर वर्षातून एकदा साखर पाहावी. बाळाला अंगावर पाजावे. स्तनपान करणाऱ्या मातांमध्ये पुढे मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले आहे. वजन आटोक्यात ठेवावे आणि पुढच्या बाळाचा विचार करण्यापूर्वी साखर तपासून घ्यावी.

आंबे आणि पेढे मोजत बसलेल्या त्या भावी मातेला एवढे तरी कोणी सांगायला हवे. तिची जनुके तिने निवडलेली नाहीत. ती निम्मी तिच्या आईची आहेत आणि निम्मी वडिलांची. बाळाची निम्मी तर तिच्या नवऱ्याकडूनच येणार आहेत. तेव्हा हे आले कोठून, हा प्रश्न बाजूला ठेवून पुढची तपासणी कधी, एवढाच प्रश्न घरातील सर्वांनी विचारावा. आणि माहेरून निघताना बाळाच्या दुपट्यांबरोबर ती फाईलही आठवणीने पिशवीत ठेवावी.